ज्यू पोरं प्रार्थनेला येईनात म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांत समाजसेवा सुरू झाली, गाझा युद्धानंतर तिथंही वाद का पेटलाय?

22 एप्रिल 2024. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हिरवळीवर पॅलेस्टाईनच्या बाजूनं आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे तंबू लागले होते. त्याच संध्याकाळी पासओव्हर हा ज्यूंचा मोठा सण सुरू होत होता. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून या रात्री एकत्र बसून जेवतात, त्याला सेदर म्हणतात. तंबूंमध्ये बसलेल्या ज्यू विद्यार्थ्यांनी तिथंच हिरवळीवर सेदर केलं.

आदल्या दिवशी मात्र विद्यापीठाशी संबंधित एका रब्बीनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूनं, ज्यू विद्यार्थ्यांना मेसेज केला होता की इथं तुम्ही सुरक्षित नाही, घरी जा. आणि विद्यापीठातली हिलेल ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था सांगत होती की कुणीही विद्यापीठ सोडून जायची गरज नाही, सुरक्षा देणं हे प्रशासनाचं काम आहे.

म्हणजे ज्यू विद्यार्थ्यानं त्या आठवड्यात काय करावं, याची तीन वेगळी उत्तरं ज्यू लोकच देत होते. बातम्यांत आपल्याला 'ज्यू विद्यार्थी विरुद्ध आंदोलक' एवढंच दिसलं. पण या भांडणाची मुळं ज्यू समाजाच्या आत आहेत आणि ती समजून घ्यायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना काळजी पडली होती की आपल्याकडं ज्यू पोरं फार झाली. पहिल्या वर्षाच्या वर्गात तेव्हा पाचातला एक जण ज्यू होता. त्यांनी कोटा ठरवायचा प्रस्ताव आणला. हा कोटा जागा राखून ठेवायला नव्हता, जागा कमी करायला होता. दुसऱ्याच वर्षी, 1923 मध्ये, इलिनॉय विद्यापीठात बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीनं हिलेल सुरू केली. नाव घेतलं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ज्यू पंडिताचं. त्याची गोष्ट अशी सांगतात की फी भरायला पैसे नव्हते म्हणून हा गडी पाठशाळेच्या छपरावर चढून झरोक्यातून धडा ऐकत बसला आणि वरून बर्फ पडून गाडला गेला. विद्यार्थ्यांच्या संस्थेला यापेक्षा चांगलं नाव सापडणं अवघड होतं.

तेव्हाचं काम सोपं होतं. बाहेरचे क्लब ज्यूंना घेत नव्हते, त्यामुळे पोरं आपसूक हिलेलमध्ये यायची.

दरवाजे उघडले, आणि अडचण सुरू झाली

दुसऱ्या महायुद्धानंतर कोटे हळूहळू गेले. ज्यू विद्यार्थी सगळीकडं दिसायला लागले, मिसळायला लागले, प्रेमात पडायला लागले. समाजाच्या दृष्टीनं हे यशच होतं. पण 1990 च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या सर्वेक्षणात आकडा आला की अलीकडं लग्न झालेल्या ज्यूंपैकी 52 टक्क्यांनी समाजाबाहेर लग्न केलंय. पुढं अभ्यासकांनी हिशोब तपासून तो 43 टक्क्यांवर आणला, पण तोवर धसका बसायचा तो बसला. पुढच्या पिढीत ज्यू म्हणून कोण उरणार, हा प्रश्न श्रीमंत देणगीदारांच्या डोक्यात गेला.

हिलेलचे प्रमुख तेव्हा रिचर्ड जोएल होते. मूळचे सरकारी वकील, रब्बी नव्हते. त्यांनी ओळखलं की प्रार्थनेची वेळ बोर्डावर लावून कुणी येत नाही. जो येत नाही, त्याच्याकडं आपण जायचं. 1994 मध्ये अब्जाधीश मायकेल स्टाइनहार्ट यांच्या पैशातून 'ज्यू कॅम्पस सर्व्हिस कोअर' उभा राहिला. नुकतेच पदवी घेतलेले तरुण एका वर्षासाठी नेमायचे आणि त्यांनी होस्टेलमध्ये, कॅन्टीनमध्ये, मैदानावर जाऊन पोरांशी ओळखी करायच्या. धर्माचं नाव काढायचं नाही. तुला काय आवडतं एवढंच विचारायचं आणि त्यातूनच काहीतरी उभं करायला मदत करायची. नंतर तर विद्यार्थ्यांनाच मानधन देऊन त्यांच्या मित्रमंडळींत हे काम करायला लावलं गेलं. (हे वाचून कुणाला नेटवर्क मार्केटिंग आठवलं, तर चूक म्हणता येणार नाही. किती जणांपर्यंत पोचलो, याचे आकडे देणगीदारांना द्यावेच लागतात.)

यात जी गोष्ट सगळ्यात जास्त चालली ती म्हणजे समाजसेवा.

कारण साधं होतं. प्रार्थनेला हिब्रू यावी लागते, कधी उभं राहायचं ते माहीत असावं लागतं. ज्याला यातलं काही येत नाही, तो पहिल्याच दिवशी ओशाळून परत जातो. पण पडलेल्या घराची भिंत उभारायला हिब्रू लागत नाही. 2005 मध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केल्यावर हिलेलनं सुट्टीत विद्यार्थ्यांच्या तुकड्या तिकडं नेल्या. दिवसा घरं साफ करायची, रात्री बसून बोलायचं की आपली परंपरा याबद्दल काय म्हणते. त्यासाठी एक जुना हिब्रू शब्दप्रयोग नव्यानं लोकप्रिय झाला होता, 'तिक्कून ओलाम', म्हणजे जगाची डागडुजी.

त्याच्या एक वर्ष आधी कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स कॉलेजात एक वेगळाच उद्योग सुरू झाला होता. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या रात्री, ज्यू घरात वेणीसारखा गुंफलेला पाव लागतो. त्याचं नाव मराठीत लिहायची पंचाईत आहे, कारण सरळ लिहिलं तर 'हल्ला' होतं. उच्चार 'खाला'च्या जवळ जातो. विद्यार्थ्यांनी हा पाव कॉलेजात भाजून विकायचा आणि नफा भूकग्रस्तांना द्यायचा. सुरुवातीला हा पैसा सुदानमधल्या दार्फुरच्या संकटासाठी जायचा. बघता बघता हे लोण कितीतरी कॉलेजांत पोचलं. पीठ मळायला ज्यू नसलेली पोरंही यायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

याच्या बरोबर उलट वाटेनं गेली छाबड. मुंबईकरांना हे नाव 26/11 मुळं माहीत आहे. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे छाबडचंच जोडपं. कट्टर धर्मनिष्ठ असलेल्या या पंथाची पद्धत म्हणजे रब्बी आणि त्याच्या बायकोनं परगावी घर मांडायचं आणि येईल त्या ज्यू माणसाला जेवू घालायचं. 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाजवळ त्यांनी पहिलं असं विद्यार्थ्यांचं घर काढलं. तिथं समाजसेवेचा फारसा गाजावाजा नाही. गरम जेवण आणि घरात खेळणारी पोरंबाळं, एवढ्यावर ते आज हिलेलला टक्कर देतात. माझ्या मते समाजसेवेवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी छाबडकडून हे शिकायला हवं होतं की घरापासून लांब राहणाऱ्या पोराला आधी घर हवं असतं.

मग बिनसलं कुठं?

प्यू रिसर्च सेंटरनं 2020 मध्ये अमेरिकन ज्यूंना विचारलं की तुमच्यासाठी ज्यू असण्यात अत्यावश्यक काय? 72 टक्के म्हणाले, नीतीनं जगणं. 59 टक्के म्हणाले, न्याय आणि समतेसाठी काम करणं. धर्माचे नियम पाळणं फक्त 15 टक्क्यांना अत्यावश्यक वाटलं. इस्रायलबद्दल आस्था असणं 45 टक्क्यांना अत्यावश्यक वाटलं, पण तिशीच्या आतल्यांत हाच आकडा 35 होता. आणि याच वयातले दहापैकी चार जण सांगत होते की आम्हाला धर्म नाही, तरी आम्ही ज्यू आहोत.

ज्यांनी समाजसेवेचा रस्ता काढला, त्यांचा अंदाज बरोबर होता असं या आकड्यांवरून दिसतं. पण ज्या पिढीला तुम्ही वीस-पंचवीस वर्षं सांगितलं की ज्यू असणं म्हणजे अन्यायाविरुद्ध उभं राहणं, ती पिढी कधीतरी तो न्याय इस्रायललाही लावणार होती.

हिलेलला याची चाहूल लागलेली होती. 2010 मध्ये तिनं भागीदारीचे नियम जाहीर केले. इस्रायलला ज्यू आणि लोकशाही राष्ट्र म्हणून असण्याचा हक्क नाकारणाऱ्या किंवा इस्रायलवर बहिष्कार घालायला सांगणाऱ्या गटांना आणि वक्त्यांना हिलेलच्या छताखाली जागा नाही. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जाहीर केलं की आम्ही हे मानत नाही, आणि 2015 मध्ये हिलेल हे नावच सोडून दिलं.

तेव्हा हे छोटं प्रकरण वाटलं होतं. मग 7 ऑक्टोबर 2023 आला. हमासच्या हल्ल्यात सुमारे 1200 जण मारले गेले, अडीचशेच्या आसपास ओलीस नेले गेले, आणि त्यानंतर गाझात इस्रायलच्या लष्करी कारवाईत हजारो माणसं मरत राहिली.

पुढच्या काही आठवड्यांत काय काय झालं बघा. कॉर्नेल विद्यापीठात कोशेर जेवणाची मेस आहे, म्हणजे ज्यू नियमांप्रमाणे स्वयंपाक होणारी. तिथं गोळीबार करण्याच्या धमक्या ऑनलाइन आल्या. देणारा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी निघाला आणि त्याला पुढं 21 महिन्यांची शिक्षा झाली. त्या मेसमध्ये कोण इस्रायलच्या बाजूनं आणि कोण विरोधात, हे धमकी देणारा विचारायला येणार नव्हता. दुसरीकडं ब्राउन विद्यापीठात युद्धबंदी मागत धरणं धरून बसलेल्या 20 ज्यू विद्यार्थ्यांना अटक झाली. कोलंबियानं 'ज्यूइश व्हॉइस फॉर पीस' हा ज्यू गटच निलंबित केला. मार्च 2025 मध्ये तर ट्रम्प सरकारनं ज्यूद्वेषाचं कारण देत कोलंबियाचा 40 कोटी डॉलरचा निधी रोखला. ज्यू विद्यार्थ्यांच्या सुरक्षेच्या नावावर घेतलेल्या या निर्णयावरही ज्यू विद्यार्थ्यांचं एकमत नव्हतं.

सेवा कुणासाठी?

हा प्रश्न युद्धाच्या आधीपासूनचा आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडंही आहे. 26/11 नंतर होल्ट्झबर्ग यांच्या स्मरणार्थ 'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' ही संस्था निघाली. परदेशातले ज्यू तरुण ठाण्याजवळ कळव्याच्या झोपडपट्टीत येऊन मुलांना शिकवू लागले. मुलं वर्गात आली की त्यांना वस्तीतल्याच बायकांनी शिजवलेलं पोषक जेवण मिळायचं. काम चांगलंच. पण काही आठवड्यांसाठी येणाऱ्या तरुणाला त्यातून आपली ओळख सापडते, आणि कळव्यातली मुलं नव्या ताई-दादाची वाट बघत तिथंच राहतात. बायकांचं स्वयंपाकघर चालू राहणं हे पाहुण्यांच्या येण्याजाण्यापेक्षा महत्त्वाचं, हे मान्य करायला विद्यार्थ्यांसाठी सहली काढणाऱ्या संस्था फार उत्सुक नसतात.

आता सेवा करायला जायचं कुठं, यावरूनच बाजू कळते. तरुण ज्यूंना दहा दिवस फुकट इस्रायल दाखवणारी 'बर्थराइट' योजना 1999 पासून चालू आहे. युद्धानंतर तिनं स्वयंसेवकांचा कार्यक्रम काढला. मजूर नसल्यानं ओस पडलेल्या शेतांत फळं तोडायला आणि अन्नाची पाकिटं भरायला अमेरिकेतून पोरं गेली. त्यांच्याच वर्गातली दुसरी ज्यू पोरं गाझासाठी पैसे जमवत होती.

हिलेलचे दरवाजे आजही शुक्रवारी रात्री सगळ्यांना उघडे असतात. पाव भाजायला आलेल्या मुलीला इस्रायलबद्दल तुझं मत काय, असं कुणी विचारत नाही. पण तिच्या गटानं त्याच इमारतीत बहिष्काराच्या समर्थनाची सभा घ्यायला खोली मागितली, तर 2010 चा नियम पुढं येतो.