डीएनएला जात विचारू नका, पंचनाम्याला जाब विचारा



मागच्या रविवारी नौपाड्यात आमचा अभ्यासवर्ग संपला आणि खाली चहाच्या टपरीवर एका कार्यकर्त्याने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता: डीएनए तपासणीने सिद्ध झाले, ते परकीय आणि आपण मूळनिवासी. चौघांनी तो लगेच पुढे पाठवला. मी विचारले, या तपासणीत नेमके काय तपासतात? कोणालाच सांगता आले नाही. मग दुसरा प्रश्न विचारला. आपल्या माणसावर अत्याचार झाला तर पहिल्या चोवीस तासांत कोणते नमुने घ्यायला लावायचे? पुन्हा शांतता. ही दुसरी शांतता मला जास्त धोक्याची वाटते. म्हणून हा लेख.

डीएनए फिंगरप्रिंटिंग कशासाठी असते, हे आपल्या शेजारीच पाहायला मिळाले आहे. २३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल कंपनीत स्फोट झाला. काही मृतदेह इतके जळाले होते की पाहून ओळख पटणे शक्य नव्हते. नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए जुळवावे लागले. ओळख पटल्याशिवाय देह ताब्यात मिळत नाही, मृत्यूचा दाखला अडतो, नुकसानभरपाई अडते. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर असेलच याची खात्री नसते. अशा वेळी 'हा माणूस आमचा होता' हे सांगणारा शेवटचा साक्षीदार म्हणजे एखादा दात किंवा हाडाचा तुकडा.

तो दात बोलतो कसा? सगळ्या माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकात काही ठरावीक जागा अशा आहेत, जिथे डीएनएचा एक छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. कोणात नऊ वेळा, कोणात चौदा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. लॅबमध्ये पीसीआर पद्धतीने या तुकड्यांच्या लाखो प्रती काढतात आणि साधारण वीस जागांचे आकडे मोजतात. एका जागेचे आकडे हजारो लोकांशी जुळतील. वीसही जागा जुळणारा दुसरा माणूस, एकसारखी जुळी भावंडे सोडली, तर सापडणे जवळजवळ अशक्य. आणि मुलाचा प्रत्येक जागेवरचा एक आकडा आईशी, दुसरा वडिलांशी जुळतो. म्हणून आईच्या रक्तावरून मुलाचे हाड ओळखता येते.

आता सांगा, या आकड्यांत जात कुठे आहे? नाही. ही तपासणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हा नमुना कोणाचा?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज ज्या संशोधनाचे नाव घेतो ते वेगळ्या प्रकारचे आहे. त्यात समूहांच्या सरासरीची तुलना असते, एका माणसाची ओळख नसते. आणि त्या प्रकारचे पुढचे संशोधन काय सांगते तेही वाचा. भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग आणणारे हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. लालजी सिंह २०१३ च्या एका अभ्यासात सहलेखक आहेत. त्यानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथले समूह मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळले, जवळजवळ सगळ्यांत ती सरमिसळ आहे, आणि त्यानंतर जातीबाहेर लग्ने थांबत गेली. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचे मूळ लक्षण सजातीय विवाह हेच सांगितले होते. पुढे 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी जात म्हणजे वंश हा सिद्धांतच खोडून काढला. मग रक्तावरून माणसाची पायरी ठरवणे हे काम मनुवाद्यांचे. ते आपण उलट्या बाजूने का करावे?

आपल्या कामाचा इतिहास दुसराच आहे. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये ही पद्धत सापडली. तिचा पहिला उपयोग १९८५ मध्ये घानाहून परत आलेल्या एका मुलासाठी झाला. तो आपल्या आईचाच मुलगा आहे, हे इमिग्रेशन खाते मानत नव्हते. डीएनएने मानायला लावले. त्यानंतर दोन मुलींच्या खुनाच्या तपासात एका सतरा वर्षांच्या मुलाने पोलिसांपुढे एका खुनाची कबुली दिली होती. डीएनएने तो निर्दोष ठरला आणि पुढे खरा खुनी सापडला. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्या शेकडो कैद्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. कोठडीतला कबुलीजबाब म्हणजे काय चीज असते, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

पण लॅब तेवढेच सांगते जेवढे तिच्यापर्यंत पोहोचते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याच्या तीनच महिने आधी, २३ जून २००६ पासून, बलात्काराच्या तपासात डीएनएसाठी नमुने घेण्याची तरतूद कायद्यात आली होती. तरीही पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेले देह उकरून पुन्हा तपासावे लागले. उशीर झाला होता. न्यायालयात जन्मठेपा झाल्या, पण लैंगिक अत्याचार सिद्ध झाला नाही आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागला नाही. यंत्र कमी पडले नव्हते. नमुना घेणारा हात कमी पडला, आणि त्या हाताला वेळेवर जाब विचारणारे तिथे कोणी नव्हते.

म्हणून घटना कळली की निषेधाचे पत्रक नंतर लिहा, आधी पोलीस ठाणे आणि रुग्णालय गाठा. पीडितेने आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल राहून नमुना कुजतो. वैद्यकीय तपासणी चोवीस तासांच्या आत, तिच्या संमतीने व्हायला हवी. कोणते नमुने घेतले, सील कोणासमोर केले, लॅबकडे कधी पाठवले, हे लेखी मागा. सील तुटले किंवा तारखांचा मेळ बसला नाही, तर आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो.

आणि एक सावधगिरी. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने काही गुन्ह्यांत अटक झालेल्यांचे जैविक नमुने घेता येतात आणि अशा नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. डीएनएच्या वापरावर नियंत्रण आणणारे विधेयक मात्र २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले. १८७१ च्या कायद्याने जन्मताच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे वंशज आजही पोलिसांच्या पहिल्या संशयाचे धनी होतात. नोंदवहीत कोणाची नावे आधी चढतील, हे वेगळे सांगायला हवे का?

तो मेसेज डिलीट करा. त्या जागी आपल्या पोलीस ठाण्याचा, रुग्णालयाचा आणि एका चांगल्या वकिलाचा नंबर सेव्ह करा.

जयभीम!