पोपट कुठला, ते आधी पाहा

गोंदियाच्या बाजारात असो की देवरी-सालेकशाकडे, उन्हाळ्याच्या तोंडी कुणी टोपलीत झाकून पोपटाची पिल्ले विकायला आणली, तर घेऊ नका. दया आली म्हणूनही घेऊ नका. तुमच्या त्याच पैशाच्या आशेने पुढच्या वर्षी आणखी एक ढोली फोडली जाते.

कायदा महागड्या परदेशी पक्ष्यांसाठी आहे, घरच्या मिठूला काय होते, असे पुष्कळजण समजतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा ‘सायटिस’ करार १९७५ पासून लागू आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे. जगातले जवळपास सगळे पोपट त्याच्या याद्यांत येतात. वगळलेल्या मोजक्या जातींत आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपटही आहे. पण त्यामुळे तो पाळायला मोकळा झाला नाही. आपल्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला धरणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट आणि जांभळ्या डोक्याचा तुईया यांनाही हेच लागू आहे.

दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळणारी बजरी आणि कॉकाटील यांना नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाऊ, सन कन्युअर पाळता येतात, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे पक्षी घरी आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद हवी. पिल्लू झाले, पक्षी मेला, कुणाला दिला, तेही कळवायचे. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून ‘सायटिस’च्या सर्वांत कडक यादीत आहे, कारण पिंजऱ्यांसाठी आफ्रिकेतली जंगले ओरबाडली गेली. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागा. ‘कागद कशाला लागतो?’ असे तो म्हणाला, तर रिकाम्या हाताने परत या.

घरात आधीच मिठू असेल, तर नुसता पिंजरा उघडू नका. पंख कापलेला, हातचे खाणारा पक्षी मांजरीच्या तोंडी जातो. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. लेकरे रडतील. त्यांना एका संध्याकाळी नवेगावबांधला न्या, थवे रात्रीच्या झाडावर परततात तेव्हा.

आणि धुऱ्यावरचे जुने, पोकळ झाड जळणासाठी तोडण्याआधी ढोलीकडे एकदा बघा. जानेवारी ते एप्रिल तिथे अंडी-पिल्ले असतात.