विश्लेषण : विमानतळांवरील नव्या स्कॅनरमुळे कॅमेऱ्यातील फिल्म खराब होते का?

वैनगंगेचे पात्र, धानाच्या बांध्या आणि माजी मालगुजारी तलाव टिपण्यासाठी मुंबई-पुण्याहून आरमोरीला जायचे तर बहुतेकांचा मार्ग नागपूर विमानतळावरून जातो. डिजिटल कॅमेरा सोबत असेल तर सुरक्षा तपासणीची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र पिशवीत फिल्मचे रोल असतील तर गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे. मोठ्या विमानतळांवर हस्तसामानासाठी सीटी स्कॅनर येत असून, ‘रोल चेक-इन सामानात देऊ नका, जवळच ठेवा’ हा अनेक वर्षांचा सल्ला आता अपुरा ठरतो आहे.

फिल्म अजून कोण वापरते?

प्रश्न साहजिक आहे. पण फिल्मला पुन्हा मागणी आहे आणि ती केवळ हौशी जुन्या मंडळींची नाही. पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. भारतात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे उत्पादन कधीच थांबले. त्यामुळे इथे मिळणारा रोल आयात केलेला आणि महाग असतो. ३५ मिमीच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे, तर १२० आकाराच्या रोलमध्ये ६ बाय ६ सेंटीमीटरची जेमतेम १२. म्हणजे प्रत्येक चित्रामागे पैसा आहे आणि विचारही.

सीटी स्कॅनर नेमके काय करतो?

पूर्वीच्या यंत्रात पट्ट्यावरून सरकणाऱ्या सामानावर क्ष-किरणांचा पातळ झोत एकदा पडतो आणि सपाट चित्र मिळते. सीटी यंत्रात किरणांचा स्रोत पिशवीभोवती फिरतो, शेकडो कोनांतून प्रतिमा घेतो आणि त्यातून संगणक त्रिमितीय चित्र उभे करतो. रुग्णालयातील सीटी स्कॅनचेच हे तत्त्व. लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, स्फोटके ओळखणे सोपे जाते, रांगही लवकर पुढे सरकते. प्रवाशाच्या दृष्टीने ही सोयच आहे. फिल्मवर मात्र किरणांची मात्रा जुन्या यंत्राच्या कितीतरी पट पडते.

फिल्मवरील चांदीच्या क्षारांना प्रकाश आणि क्ष-किरण यांत फरक कळत नाही. दोन्हींमुळे ते ‘उजळतात’. परिणामी सगळ्या रोलवर धुरकट थर चढतो, सावलीतील तपशील जातो, रंग एका बाजूला झुकतात आणि गुंडाळलेल्या फिल्मवर कधी कधी लाटांसारखे पट्टे उमटतात. आयएसओ जितका जास्त तितके नुकसान अधिक आणि प्रत्येक फेरीचा परिणाम आधीच्या परिणामात मिसळत जातो. जुन्या यंत्रातून आयएसओ ८०० पेक्षा कमी वेगाची फिल्म चार-दोन वेळा गेली तर दिसण्याजोगे काही होत नसे. कोडॅक आणि इल्फर्ड या दोन्ही उत्पादकांचे आताचे सांगणे असे की, न धुतलेली फिल्म सीटी यंत्रातून नेऊच नये, हाताने तपासणी मागावी. शिशाच्या पिशवीवरही भरवसा नको. पडद्यावर तिचा काळा ठोकळा दिसला की कर्मचारी ती उघडायला लावणार किंवा पुन्हा यंत्रात घालणार.

धुऊन झालेल्या निगेटिव्हला कसलाही धोका नाही. कॅमेरा, भिंगे, मेमरी कार्ड यांनाही नाही.

निसर्गचित्रणाला फटका अधिक का?

धुरकट थर सर्वप्रथम दिसतो तो सावलीत, आणि पट्टे दिसतात ते एकसंध रंगाच्या मोठ्या भागावर. पहाटेच्या धुक्यातील वैनगंगेच्या चित्रात नेमके हेच असते : वर विस्तीर्ण आकाश, खाली काळसर काठ. गर्दीच्या बाजारातील छायाचित्रात जो दोष खपून जाईल तो इथे लपत नाही.

दुसरे कारण परिसराचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरासारखा एखादा पूर किंवा वरच्या बाजूच्या गोसीखुर्द धरणातून सोडलेले पाणी वाळूचे पट्टे हलवते. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहिले तरी तेच पात्र दिसेल असे नाही. धान कापणीचे दिवसही थोडे. त्यातच डिजिटल कॅमेऱ्यात चित्र लगेच पाहता येते, पण फिल्म बिघडल्याचे घरी परतून रोल धुतल्यावरच कळते आणि तेव्हा हंगाम उलटलेला असतो. येताना कोरा रोल खराब झाला तर निदान दुसरा घेता येईल. परतीच्या पिशवीतील चित्रे भरलेल्या रोलबाबत तेही शक्य नाही.

धोका नागपुरात की मुंबईत?

नागरी हवाई वाहतूक सुरक्षा विभागाने वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांना सीटी यंत्रे बसवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२३ ची मुदत दिली होती. ती पाळली गेली नाही आणि काम टप्प्याटप्प्याने सुरू राहिले. ब्रिटनमध्येही जून २०२४ ची मुदत सर्व विमानतळांना गाठता आली नाही. नागपूर विमानतळाची वार्षिक प्रवासी संख्या या ५० लाखांच्या रेषेखाली आहे. त्यामुळे काळजी अधिक करायची ती मुंबई, दिल्ली, बंगळूरुसारख्या ठिकाणी. मुंबईहून नागपूरला जाऊन परतणाऱ्याच्या दोन तपासण्या होतात. लंडनहून येणाऱ्याच्या हीथ्रोला एक, मुंबईत देशांतर्गत विमान पकडताना दुसरी आणि परतीच्या तेवढ्याच. अडचण अशी की, एकाच विमानतळावर एका रांगेत नवे आणि शेजारच्या रांगेत जुने यंत्र असू शकते. म्हणून यंत्रावर सामान ठेवण्यापूर्वी विचारणे हाच मार्ग.

हाताने तपासणी मिळते का?

अमेरिकेत फिल्मची हाताने तपासणी मागण्याची मुभा नियमातच आहे. भारतात मोठ्या विमानतळांवर निर्णय तिथे उभ्या असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या कर्मचाऱ्यावर सोपवलेला असतो. कुणी समजून घेतो, कुणी ‘मशीनमध्येच टाका’ म्हणतो. यात त्याला दोष देण्यासारखे फारसे नाही. विशीतल्या जवानाने फिल्मचा रोल कदाचित आयुष्यात पाहिलेला नसतो. यंत्रे बदलताना फिल्मसाठी एका ओळीची स्पष्ट सूचना रांगेपर्यंत पोहोचली असती तर हा वाद प्रवासी आणि जवान यांच्यात रंगला नसता.

तोवर काही तयारी उपयोगी पडते. रोल डब्या-खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत, गर्दीची वेळ टाळून लवकर पोहोचावे आणि विनंती शांतपणे करावी. कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला रोल ठेवून तपासणीला जाऊ नये. कुणी मागचे झाकण उघडले तर क्ष-किरणांची गरजच उरत नाही. ४ बाय ५ इंची शीट फिल्मचे खोके उजेडात उघडता येत नाही, हे तर आधीच सांगावे लागते.

बाकीच्या साहित्याचे काय?

देशांतर्गत विमानात इकॉनॉमी वर्गाच्या हस्तसामानाची सर्वसाधारण मर्यादा ७ किलो. मध्यम आकाराचा कॅमेरा, दोन भिंगे आणि प्रकाशमापक यांतच ती संपते. ट्रायपॉड चेक-इन सामानात द्यावा, पण त्याच पिशवीत एखादा रोल विसरू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हस्तसामानातच हव्यात. फिल्म धुण्याची रसायने विमानात नेण्याचा विचार सोडलेलाच बरा.

विमानाला पर्याय आहे?

आहे, वेळ असेल तर. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईहून गोंदिया आणि तिथून बल्लारशाच्या गाडीने वडसा. वडशाहून आरमोरी जवळ आहे. मोठ्या स्थानकांच्या प्रवेशद्वारावरही सामान तपासणीची यंत्रे असतात, तिथेही रोल खिशात ठेवून हाताने दाखवावेत. नागपूरला उतरून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे मोटारीने जाणाऱ्यांना शेवटची काळजी उन्हाची. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो आणि बंद मोटारीत त्याहून कितीतरी अधिक. फिल्मला तेही मानवत नाही. थंडीच्या दिवसांत ही भीती नसते. शिवाय कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी लागणारे २० अंशांच्या आसपासचे पाणी त्या दिवसांत सहज मिळते. ज्यांना ते काम येते ते रसायने रस्त्याने किंवा रेल्वेने आधी मागवून रोल आरमोरीतच धुऊ शकतात आणि परतताना नुसत्या निगेटिव्ह घेऊन विमानात बसू शकतात.