डिग्रीचं काय लोणचं घालायचंय?

“सर, शिकवून तरी काय करायचं? डिग्रीचं काय लोणचं घालायचंय?”

जून-जुलैत तालुक्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसलं की हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं. मी या टेबलावर २३ वर्षं बसतो आहे. पूर्वी हे म्हणताना बापाचा आवाज खाली गेलेला असायचा. आता तो ठणकावून म्हणतो, कारण मोबाइलवर कुणीतरी त्याला ते पटवून दिलेलं असतं.

गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि रबर लावलेल्या पाचशेच्या नोटा. मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के, तिला बी.एस्सी. कॉम्प्युटर करायचं होतं. मी फीचा तक्ता पुढे केला. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शिकवणी शुल्क, विकास शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा, अनामत. बेरजेवर बोट बराच वेळ थांबलं. मग ते लोणच्याचं वाक्य आलं. मुलगी टेबलाच्या कडेचा उखडलेला सनमायका नखाने खरवडत उभी होती.

माझं भांडण त्या बापाशी नाही. ते वाक्य त्याच्या तोंडी घालणाऱ्यांशी आहे.

त्यांच्याकडे एक हुकमी आकडा असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतीय रोजगार अहवाल काढला. त्यात २०२२ सालची तरुणांमधली बेकारी अशी आहे : पदवीधरांत २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. आकडा खरा आहे. त्यावरून ‘शिकाल तर बेकार राहाल’ हा काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा आहे. निरक्षर माणूस बेकार दिसत नाही, कारण बेकार राहणं त्याला परवडत नाही. मुकादमाची उचल घेऊन बीडहून साखर कारखान्यावर जाणारा कोयता (नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे कोयताच म्हणतात) सरकारी पाहणीत कामावर असलेला ठरतो. पहाटे थंडीत उसाच्या फडात उतरणाऱ्या त्या बाईला बेकारांच्या यादीत जागा नाही. पदवी झालेला तिचा मुलगा मात्र त्या फडात उतरायला नाही म्हणतो, चार ठिकाणी अर्ज करतो, थांबतो, आणि बेकार म्हणून मोजला जातो. त्या नकाराला मी शिक्षणाचं अपयश कसं म्हणू? तो नकार देता यावा म्हणून तर त्याच्या आईने त्याला शिकवलं.

बेकारी आहेच. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले. माझे कितीतरी विद्यार्थी त्यात होते, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये परीक्षा शुल्क भरून. पण यातल्या निम्म्या पोरांनी पदवी घेतली नसती तर जागा ४,६४५ झाल्या असत्या का? जागा नाहीत हा दोष जागा न काढणाऱ्यांचा. तो पोरांच्या शिक्षणाच्या माथी मारण्यात काय अर्थ आहे?

दुसरा मुद्दा कौशल्याचा. ‘पदवीपेक्षा आयटीआय करा, वायरमन इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो.’ हातातल्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि चांगला वायरमन आमच्या तालुक्यात दिवा घेऊन शोधावा लागतो हेही मला माहीत आहे. पण हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःच्या मुलाला आयटीआयला घातलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्यांची मुलं पुण्यात, बंगलोरला, जर्मनीत पदवी घेतात. पाना-पक्कड मात्र दुसऱ्याच्या मुलाच्या हातात द्यायची. आणि त्या वायरमनला स्वतःला काय वाटतं? माझ्या ओळखीचे दोघे-तिघे चाळिशीत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताहेत. दिवसभर खांबावर चढायचं आणि रात्री पुस्तक उघडायचं. त्यांना हे बाहेरून कुणी शिकवलेलं नाही. बढतीच्या कागदावर ‘पदवी’ हा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की काय होतं, हे त्यांनी भोगलं आहे.

सचिन तेंडुलकर कॉलेजात शिकला नाही, असंही सांगतात. खरं आहे. पण त्याचे वडील रमेश तेंडुलकर मुंबईच्या कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. त्या घरात पदवी आधीच येऊन बसली होती. आमच्या गृहस्थांच्या घरात ती अजून एकदाही आलेली नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. आज जी किंमत मागितली जाते, ती पुष्कळ ठिकाणी दिलेल्या शिक्षणाच्या मानाने अन्यायाची आहे. आमच्याच इमारतीत एका जिन्याच्या डाव्या बाजूला अनुदानित बी.ए.चा वर्ग भरतो, फी चार-पाच हजार. उजव्या बाजूला विनाअनुदानित कॉम्प्युटरचा वर्ग, फी त्याच्या सात-आठ पट. पिण्याच्या पाण्याची टाकी एकच, मैदान एकच, पदवीवर शिक्का एकाच विद्यापीठाचा. फरक इतकाच की डावीकडच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि उजवीकडच्यांचा पगार त्या मुलांच्या बापांच्या पिशवीतून निघतो. तोही तासिका तत्त्वावर, त्यामुळे शिक्षक दरवर्षी बदलतो. मुलांनी नाव पाठ करेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो.

ही भिंत आपोआप उभी राहिलेली नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यामुळे खेड्यापाड्यातली हजारो मुलं इंजिनिअर झाली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण चारच वर्षांत, १९८७ मध्ये, कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. पुढे नव्या परवानग्यांवर ‘कायम विनाअनुदानित’ असे शब्द उमटू लागले. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी आज शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचा खर्च तपासून ठरवतं. नफेखोरीला त्याने थोडाफार चाप बसतो. पण तो सगळा खर्च विद्यार्थ्यानेच भरायचा, हे गृहीत धरूनच हिशेब सुरू होतो. माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे.

काही विद्वान इथे महात्मा फुल्यांना साक्षीला आणतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी तक्रार केली होती की कर भरतो शेतकरी, आणि सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. म्हणून, हे विद्वान म्हणतात, उच्च शिक्षणाचा खर्च ज्याचा त्याने करावा. पण फुल्यांची तळमळ कशासाठी होती? शेतकऱ्याचं पोर शाळेच्या पायरीलाही पोचत नव्हतं म्हणून. ते पोर आता चार पिढ्यांनी कॉलेजच्या दारात येऊन उभं आहे. नेमक्या याच वेळी ‘ज्याचा त्याने करावा’ हा न्याय आठवावा? हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या करातून आधीच्या पिढ्या जवळजवळ फुकट शिकल्या, त्यांच्याच नातवंडांपुढे आज पूर्ण बिल ठेवलं जातं. हा हिशेब मला पटत नाही आणि पटणार नाही.

फी कमी करता येत नाही, पैसे कुठून आणायचे, असंही ऐकवतात. २०२४-२५ पासून राज्याने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. करायचं ठरवलं की करता येतं. पण ते केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच, आणि अभिमत व खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली. एसटीचा मोफत पासही मुलींना बारावीपर्यंतच मिळतो. कॉलेजचं पहिलं वर्ष लागलं की पैसे मोजायचे. तीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीचं शिक्षण कितीदा फीआधी पासापाशी अडतं, हे मी पाहिलं आहे.

आणि मुलीच्या बाबतीत ‘पदवीचा काय उपयोग’ या प्रश्नाचं उत्तर पगाराच्या आकड्यात शोधायचंच नसतं. आमच्याकडे कॉलेज सुटलं की पंधरा दिवसांत स्थळ येतं. पदवीची तीन वर्षं म्हणजे लग्न तीन वर्षं पुढे. त्या तीन वर्षांत ती बँकेचा अर्ज स्वतः भरायला शिकते, एकटी जिल्ह्याला जाऊन येते, आणि वर्गात उभी राहून सरांचं चुकलं असं म्हणायला शिकते. माझी एक विद्यार्थिनी मराठी घेऊन जेमतेम पास झाली होती. पुढे अंगणवाडी सेविका झाली, नवरा वारला, दोन मुलं पदरात. मुख्यसेविकेच्या परीक्षेसाठी पदवी लागते हे कळलं, तेव्हा तिने ट्रंकेतल्या साड्यांखालून सोळा वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र काढलं आणि माझ्याकडे झेरॉक्स साक्षांकित करायला आली. कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, मागून सेलोटेप लावलेली होती. आज ती मुख्यसेविका आहे.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. पोरांना पदवीपासून परतवू नका, पदवीची किंमत खाली आणा. जिन्याच्या उजवीकडच्या वर्गांनाही अनुदान द्या. कायमचे शिक्षक नेमा. शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष संपायच्या आत जमा करा. तो अडकला म्हणून पोराची मार्कशीट अडकता कामा नये. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं होतं. २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के लिहिले आहेत.

ते गृहस्थ त्या दिवशी परत गेले. मुलगी वळून बघत गेली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या सुमाराला, दोघं पुन्हा टेबलापाशी आली. या वेळी पिशवी जाड होती. शेळ्या विकल्या होत्या. त्यांनी हप्ते पडतील का विचारलं, मी तीन हप्ते पाडून दिले. पावतीवर मुलीचं नाव नीट आलंय का, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि मग ती पावती घडी न घालता सातबाऱ्याच्या वर ठेवली.