मागच्या चाकांची खडखड

काही यांत्रिक वस्तूंची नावेच माणसाला चकवतात. 'शॉक ॲब्सॉर्बर' हे त्यांतलेच एक. धक्का शोषून घेणारा, असा त्याचा शब्दार्थ; प्रत्यक्षात खड्ड्याचा धक्का प्रथम झेलतात ते पोलादी पाटे. दबलेले पाटे उसळतात, पुन्हा दबतात आणि गाडी होडीसारखी डुलू लागते. ते डुलणे शमवणे हे या नळकांड्याचे काम. आतला दट्ट्या तेलातून वरखाली सरकतो, बारीक छिद्रांतून जाताना तेल त्याला विरोध करते आणि उसळीतली शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. 'दोलनशामक' हा शब्द मला अधिक अर्थवाही वाटतो. मात्र गॅरेजात तो उच्चारण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही. तेथे सारे 'शॉकअप' म्हणतात.

जुन्या टांग्यांना पाटे असत, शॉकअप नसे. वेग बेताचा, आणि पाट्यांचे परस्परांवरील घर्षणच तेवढी उसळी जिरवावयास पुरत असे. मोटारीच्या वेगाला ते पुरत नाही.

हा विषय निघण्यास कारण झाला आमच्या आळीतला एक तरुण, माझा जुना विद्यार्थी. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजी पोहोचवणारी त्याची लहान मालगाडी. भरल्यावर ती मागे फार बसते, म्हणून त्याने दोन्ही बाजूंस एकेक जाड पाटा वाढवून घेतला. गाडीचा मागचा भाग उंच झाला, आणि आठवडाभरात तेथून खडखड ऐकू येऊ लागली.

"सर, नट दोनदा आवळला, तरी आवाज जात नाही. हंगाम संपला की बघू," तो म्हणाला. गाडी एक दिवस उभी राहिली की खेप बुडते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु घाटाच्या वळणावर चाक रस्त्यावरून उसळत राहिले, तर ब्रेक दाबून काय होणार? चाक जमिनीला घट्ट टेकलेले असेल तरच ब्रेकला अर्थ.

अखेर एका वयस्क मिस्त्रींनी गाडीखाली शिरून पहारीने शॉकअपचे खालचे टोक हलवून पाहिले. ते बोल्टवर खुळखुळत होते. कारणे दोन निघाली. उंची वाढल्यामुळे जुना शॉकअप रिकाम्या गाडीतही जवळजवळ पूर्ण ताणलेला राहत होता. प्रत्येक खड्ड्यात त्याला हिसका बसे आणि टोकातला रबरी बुश फाटत गेला. शिवाय पाटे वाढवताना बसवलेला नवा बुश मापाने आखूड होता. त्यामुळे नट बोल्टच्या आट्यांच्या शेवटी जाऊन अडकला. पान्याला तो घट्ट लागे, पण बुश मोकळाच राही. दोनदा आवळूनही आवाज का गेला नाही, याचा उलगडा येथे झाला.

उपाय सरळ होता. दोन्ही बाजूंस वाढलेल्या उंचीला साजेसे लांब शॉकअप घातले. मात्र भरलेल्या गाडीतही दट्ट्या तळाला आपटू नये, एवढे अंतर मोजून ठेवले. बुश योग्य मापाचे, आणि आपोआप सैल न होणारे नट नवेच. असा नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते. शेवटचा पिळा चाके जमिनीवर टेकल्यानंतरच द्यावयाचा, हे मिस्त्रींनी आग्रहाने सांगितले. चाके अधांतरी असताना आवळल्यास, गाडी खाली येताच रबर पिळवटते आणि लवकर फाटते.

एक गोष्ट मी त्याला मास्तरकीच्या सुरात ऐकवलीच. पाटा वाढला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि टायर पूर्वीचेच असतात, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला नोंदणीपुस्तकातले वजनच ठाऊक असते.

शॉकअप काम करतो की नाही, हे पाहण्याची मिस्त्रींची रीत सोपी आहे. खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही नळकांड्यांजवळ जपून हात न्यावा. दोन्ही सारखी गरम हवीत; एक थंड असेल तर ते नुसते लोंबत आहे असे समजावे. तेलाचा ओघळ दिसला तरी बदलण्याची वेळ आली.

खडखड त्याच दिवशी थांबली. दोनतीन खेपांनंतर मिस्त्रींनी गाडी पुन्हा बोलावून पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टना पाना लावला. नवे पाटे आता एकमेकांवर नीट बसले होते, आणि प्रत्येक नट अजून थोडा फिरला.