डोस किती? विचारा कॉम्प्युटरला!

कॅबचं भाडं, ईएमआय, डाएटच्या कॅलरीज... सगळे हिशोब आपण मशीनवर सोडलेत. मग कॅन्सरशी झुंजणाऱ्या मुलाच्या गोळ्यांचा का नको?

समजा, ब्रह्मपुरीतला सहा वर्षांचा मुलगा. ब्लड कॅन्सरची मोठी केमो नागपुरात झाली. आता घरीच गोळ्या, साधारण दोन वर्षं. रक्त तपासत राहायचं आणि त्यानुसार डोस ठरवायचा. पांढऱ्या पेशी फार घसरल्या तर औषध थांबवायचं, नाहीतर साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं. उगाच कमी दिला, तर आजार परत डोकं वर काढू शकतो. गर्दीच्या ओपीडीत हे गणित चुकायला कितीसा वेळ लागतो?

ब्रिटनमध्ये याच कामासाठी ‘लिसा’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं गेलं. २००५मध्ये त्यावर शोधनिबंध आला. उंची, वजन, रक्ताचे आकडे, आधीचे डोस भरा. ते नियमानुसार डोस सुचवतं. सही मात्र डॉक्टरांचीच!

हे आकडे तर ब्रह्मपुरीतही मिळतात. म्हणजे नागपूरच्या शंभरावर किलोमीटरच्या काही फेऱ्या वाचू शकतात. हेल्थ अ‍ॅपची आयडिया शोधताय? आधी एखाद्या बालकर्करोगतज्ज्ञाला कॉफीला भेटा!