तिसरा गिअर कुठे गेला?

तर झालं असं की दोनेक महिन्यांपूर्वी एका रविवारी रात्री साताऱ्याहून परत येत होतो. मागे आई-बाबा, शेजारी बायको. कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाचा उतार लागला. हा उतार काय चीज आहे ते पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने इथेच अनेक गाड्या उडवल्या होत्या. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवतं, ही बाबांची शिकवण. म्हणून चौथ्यातून तिसरा टाकायला गेलो, तर दांडा चौथ्यातून निघाला पण तिसऱ्यात जाईचना! नुसता आमटीतल्या पळीसारखा गोल फिरतोय. गाडी न्यूट्रलमध्ये, आरशात ट्रकचे हेडलाइट.

तीन-चार सेकंदच असतील. मग पडला गिअर. बायको काही बोलली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "सहा महिने ढिला आहे ना रे तो?"

होता. आणि मी काय करत होतो? सवय करून घेत होतो. "जरा डावीकडे दाबून मग पुढे ढकल, पडतो" असं बायकोलासुद्धा शिकवून ठेवलं होतं. ऑफिसमध्ये कुणी बग दुरुस्त न करता अशी पळवाट सांगितली असती तर मीच त्याला पाच माणसांसमोर झापलं असतं.

आता एक कबुली. माझ्याकडे पुणे विद्यापीठाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे. गिअरबॉक्सची आकृती पेन्सिलीने, मापासकट काढून मार्क मिळवलेत. कॅम्पसमधून आयटीत गेलो आणि त्यानंतर पाना हातात धरला तो फक्त गॅसची शेगडी बसवायला. माझ्यासारखे किमान डझनभर लोक माझ्याच मजल्यावर बसतात.

सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. एसी, कॉफी मशीन, टीव्हीवर क्रिकेट. वीस मिनिटांनी एक टाय लावलेला मुलगा आला. "सर, लिव्हरची अख्खी असेंब्ली बदलावी लागेल." मजुरीसकट साडेचार हजार. म्हटलं, नक्की काय बिघडलंय ते दाखवता का? तर, "कस्टमरला आत अलाउड नाही सर." माझी गाडी, माझे पैसे, आणि बिघाड बघायला मनाई! गाडी तशीच परत आणली. अर्थात यात तत्त्व कमी आणि राग जास्त होता. पण शनिवारी स्वतः उघडायचं, हे ठरलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघितली. हँडब्रेक ओढला आणि चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, कारण दांडाच काढायचा तर "गिअरमध्ये ठेवलीय" हा आधार राहत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली (बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली असतं, तिथे तर हे हवंच). मग वरची मूठ फिरवून काढली, रेक्झिनचं आवरण उचकटलं, कन्सोलचे स्क्रू काढले. एक स्क्रू सापडत नव्हता, तो नाणी ठेवायच्या खणातल्या रबराखाली निघाला. प्रत्येक पायरीचा फोटो काढला आणि स्क्रू क्रमाने बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवले. (ट्रे आता किचनमध्ये परत घेतला जात नाही.)

आत काय होतं? फारसं काहीच नाही! आपल्याला वाटतं आपण गिअर हलवतो. गिअर तर पार पुढे, बॉनेटखाली. इथे नुसता एक दांडा, तो प्लॅस्टिकच्या वाटीत बसलेला, आणि त्याला जोडलेल्या दोन केबल. एक पुढे-मागे खेचते, दुसरी डावी-उजवी बाजू निवडते. आमच्या भाषेत सांगायचं तर दांडा म्हणजे फ्रंट एंड.

आणि ती प्लॅस्टिकची वाटी तडकलेली होती. आता शाळेतली तरफ आठवा. टेकूच्या वर दांडा ३० सेंटिमीटर, खाली ६. म्हणजे खाली २ मिलिमीटर ढिलाई आली की वर मुठीशी ती १ सेंटिमीटर होते. सहा महिने मी ज्याला "जरा ढिला" म्हणत होतो ते एवढंच होतं. चार वर्षं शिकलेलं गणित असं गुडघ्यावर बसून समोर दिसलं.

गंमत म्हणजे वाटी सुटी मिळत नाही. नाना पेठेत पाच दुकानं फिरलो. शेवटच्या काकांनी तडा बघितला आणि म्हणाले, "अख्खीच बदल बाळा, पर्याय नाही." म्हणजे तो टायवाला मुलगा बरोबर होता!

रविवारी नवीन असेंब्ली बसवली. चार बोल्ट, ग्रीस, दोन्ही केबल. इंजिन बंद ठेवून क्लच दाबला आणि एकेक गिअर टाकून बघितला. तिसरा-चौथा मस्त. पहिला नाही, दुसरा नाही, पाचवा नाही, रिव्हर्स नाही. पोटात गोळा आला. मग डोकं चाललं. दांडा मोकळा सोडला की तो तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेतच उभा राहतो. तीच रांग चालतेय, म्हणजे डावी-उजवी केबल काम करत नाहीये. पुन्हा सगळं उघडलं. त्या केबलचं बाहेरचं आवरण धरणारी क्लिप मी अर्धवट बसवली होती. ती "टक्" करून बसली आणि पाचही गिअर, रिव्हर्ससकट, लोण्यासारखे पडले. दोन तास टॉर्च धरून उभे असलेले बाबा म्हणाले, "चला, इंजिनिअरिंगची फी आज वसूल झाली."

आता मुद्दा. यातून पैसे किती वाचले? दोन सुट्ट्यांचा हिशोब धरला तर शून्य. सराईत मेकॅनिक जे तासाभरात करेल त्याला मला दोन दिवस लागले. त्याची मजुरी आता मला अजिबात जास्त वाटत नाही. आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना मी घरी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका. प्रश्न पैशांचा नाहीच. प्रश्न असा आहे की आपल्याला आपली वस्तू बघण्याचाही हक्क नाही, हे आपण किती सहज मान्य केलंय.

सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली मिळू दिली नाहीत म्हणून २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. चांगलंच आहे. पण कायदा काच उघडून देईल, आत डोकवायचं आपल्यालाच. तो मुलगा खरं बोलत होता. त्याने मला ती तडकलेली वाटी दाखवली असती तर मी तिथेच पैसे दिले असते. न दाखवल्यामुळे त्याचं खरंही मला खोटं वाटलं.

आणि माझी स्वतःची चूक त्याहून मोठी. सहा महिने मला कुणीही अडवलं नव्हतं. मूठ फिरवून रेक्झिन वर केलं असतं तर कदाचित तडा दिसला असता. आई-बाबा, बायको गाडीत बसत होते आणि मी "पडतो, जरा दाबून टाक" म्हणत होतो.

असो. तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा बदललेला जुना भाग परत मागा. हातात घेऊन बघा, का बदलला ते विचारा. माझी तडकलेली वाटी सध्या ऑफिसच्या टेबलावर आहे. कुणी "चालतंय ना, राहू दे" म्हणालं की मी ती उचलून त्याच्या हातात देतो.